घरात एक तरी कान

जावा बेटावरच्या पुर्बालिंगातल्या आमच्या तांबटांच्या गल्लीत पाहुणा आला की आम्ही त्याच्याशी ओरडूनच बोलतो. त्याला वाटतं, ही माणसं भांडखोर आहेत. भांडखोर नाही हो, बहिरी आहोत, निदान अर्धी तरी. आमच्या आजोबांनी इथे तांब्याची भातपातेली ठोकली. पातेली कारखान्यातून यायला लागली तेव्हा आमच्या बापांनी मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या नळ्या ठोकायला घेतल्या. हातोडी तीच, ऐरण तीच, घरापुढची पडवीही तीच. सकाळपासून संध्याकाळच्या बांगेपर्यंत वीस-पंचवीस पडव्यांतून ठणठणाट चालतो. अख्ख्या जावातून लोक नळी बदलून घ्यायला आमच्या दारात येतात, आणि आमची पोरं कानाआधी ओठ वाचायला शिकतात.

अशा गल्लीत रासिकुनचं नाव होतं ते त्याच्या कानासाठी. नळी ठोकणारे हात पुष्कळ होते. पण बसवल्यावर इंजिन चालू करून ‘अजून घोगरा आहे’ किंवा ‘आता बरोबर’ असं सांगणारा तो एकच. गिऱ्हाईक मूठ पिळायचं, रासिकुन डोळे मिटून मान तिरपी करायचा, मग डोळे उघडून सावकाश घराच्या दाराकडे बघायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा आवाज मनात मुरवतोय.

म्हातारा बायकोकडे बघत होता. गेली बारा वर्षं त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात भाताचं आधण उकळावं तशी रटरट तेवढी चालायची.

हे कसं सुरू झालं, तेही सांगतो. एकदा त्याने एक नळी बसवली, आवाज ऐकल्यासारखं केलं आणि ‘झाली’ म्हणून हात पुसायला घेतले. कारसिनी, त्याची बायको, दारात उभी राहून तांदूळ पाखडत होती. तिने मान हलवली, नाही. एवढीशीच. रासिकुनने निमूटपणे नळी उतरवली, आतल्या जाळीला भोकांची आणखी एक ओळ पाडली आणि परत बसवली. या खेपेला तिने सूप खाली ठेवलं. तेव्हापासून गाडी चालू झाली की कारसिनी सूप घेऊन दारात हजर. पाखडत राहिली तर आवाज चुकला. सूप खाली ठेवलं तर जमला. कधी कधी सुपात तांदूळच नसायचे, नुसतं सूप हलायचं. नवरा-बायकोत याबद्दल एक अक्षर कधी निघालं नाही. आमच्याकडे बोलायच्या गोष्टी वेगळ्या आणि कळायच्या वेगळ्या.

पुढे चार वर्षांनी तिने बाजारातून होला पक्षी आणला. आमच्याकडे म्हणतात की पुरुषाला घर, बायको, वाहन, कट्यार आणि पिंजऱ्यातला पक्षी असला म्हणजे तो पुरा झाला. रासिकुनकडे पक्षी नव्हता आणि त्यावरून गल्लीने त्याला कमी छळलं नव्हतं. मीही छळलंय, खोटं कशाला बोलू. बायकोने पिंजरा आणला तेव्हा आम्ही म्हटलं, घ्या, आता वहिनींनी नवरा पुरा करून घेतला. रासिकुनला होल्याचं घूं-घूं ऐकू येणार नव्हतं, पण तसं सांगता येईना. पक्षी धुराने मरेल म्हणून त्याने कुरकूर केली. कारसिनीने ऐकलं नाही. पडवीच्या वाशाला आकडी ठोकून तिने पिंजरा तिथे टांगला, दाराच्या बरोबर समोर, रासिकुनच्या पाठीमागे. हातोडी फिरवताना कोपर लागतं म्हणून त्याने दोनदा तो हलवला आणि दोन्ही वेळा तिने परत तिथेच आणून टांगला. बायकांच्या हट्टाला कारण विचारू नये असं त्याने ठरवून टाकलं.

गेल्या वर्षी कारसिनी गेली. पोटाचं दुखणं, चार महिने. शेवटच्या दिवशी पहाट उलटून गेली होती, उन्हं पडवीत आली होती. ती बरंच काही बोलली. तिचे ओठ इतके सुकलेले की त्याला वाचता येईनात. तो नुसतं ‘हो, हो’ म्हणत राहिला. मग त्याला जाणवलं की आता नाही सांगितलं तर राहून जाईल.

राहून गेलेली गोष्ट एकच होती. त्यांची पहिली मुलगी, सुतिनी, तीन वर्षांची, तापात गेली होती. ईदच्या आधीचे दिवस, चाळीस नळ्यांचं काम अंगावर. दुपारी ताप डोक्यात चढला तेव्हा कारसिनी आतून हाका मारत होती आणि रासिकुन बाहेर ठोकत होता. तेव्हा त्याचे कान शाबूत होते, बरं का. पण ऐरणीपुढे ऐकू येईल तर शपथ. त्याने जेवायला म्हणून हातोडी ठेवून मान वर केली तेव्हा ती पोरीला घेऊन दारात उभी होती.

आमच्याकडे ईदच्या सकाळी बायको नवऱ्यापुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागते आणि नवराही म्हणतो, माझंही काही चुकलं असेल तर सोडून दे. रासिकुनने हे पस्तीस वर्षं म्हटलं. पण त्या दुपारचं नाव घेऊन कधी म्हटलं नाही. त्या सकाळी तो वाकला, तिच्या कानाला तोंड लावलं आणि सगळं सांगितलं. पोरीचं नाव घेऊन माफी मागितली. सरळ झाला तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती. तिने मान हलवली. दुपारच्या बांगेआधी गेली.

त्यानंतर तो ज्या आधारावर उभा राहिला तो एवढाच होता, की तिने ऐकलं आणि ‘हो’ म्हणून मान हलवली.

चाळिसाव्या दिवशी गल्ली जेवायला आली. दुआ म्हणायला मशिदीतले मोदिन आले होते. हेच आमच्याकडे लग्न लावतात आणि हेच मैताला उभे राहतात. जेवण झाल्यावर रासिकुनने पिंजरा आकडीवरून काढला आणि कारसिनीच्या नावाने त्यांच्या हातात दिला. तो मुका होला त्याला बघवेना. मुका म्हणजे त्याच्यापुरता. त्याची धाकटी मुलगी वारतिनी पाट उचलत होती. तिने पिंजरा जाताना पाहिला, तोंड उघडलं आणि मिटलं.

वारतिनी खोट्या पापण्यांच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर एकेक केस दोऱ्याला गाठवते. नजर तीक्ष्ण आणि जीभ त्याहून. तिचं म्हणणं सरळ होतं: भट्टी बंद करा, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला. एकटा माणूस, विस्तवाशी काम, हाक मारली तर ऐकू येत नाही. ‘ऐकू येत नाही’ हे ती तोंडाने म्हणाली नाही, पण दोघांच्या मध्ये ते पाटावर बसल्यासारखं बसलेलं होतं. रासिकुन म्हणे, मी जाणार नाही. ऐरणीवरून मान वर केली की जे दार दिसतं ते त्याला सोडवत नव्हतं. पण हे मुलीला कोण सांगणार. तो म्हणाला, माझं काम आहे इथे.

त्याच आठवड्यात तारविदी आला. तारविदी स्लामेत डोंगराच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये टेम्पे विकतो. सोयाबीन आंबवून केळीच्या पानात बांधलेल्या वड्या, दोन टोपल्या, आणि मध्ये त्याची जुनीपुराणी गाडी. गेली वीस वर्षं तिची नळी रासिकुनच्या हातची. ती पायाखालच्या जागी कुजून तिला भोक पडलं होतं. रासिकुनच्या घरात दुखवटा म्हणून त्याने बाजारातली तयार नळी लावली आणि फसला. वरच्या वाड्यांतल्या बायका त्याच्या गाडीच्या आवाजावर टोपली घेऊन रस्त्यावर यायच्या. नवा आवाज त्यांनी ओळखलाच नाही. कुणी बाहेर येईना, टेम्पे परत घरी. आरोळी मारावी तर दम लागतो.

“कांग,” तो म्हणाला, थोरल्या भावाला म्हणतात तसं, “मला माझा जुना आवाज द्या. दुसरं काही नको.”

वारतिनी तिथेच होती. तिने बापाकडे पाहिलं आणि सौदा केला. ही एक नळी करा. बरोबर झाली तर भट्टीचा विषय मी परत काढणार नाही. नाही झाली तर सामान बांधायचं. रासिकुन म्हणाला, ठीक.

दोन दिवस त्याने जीव ओतला. आधी इंजिनापाशी जुनेच परत आवळलेल्या, गंजून बसलेल्या दोन नटांवर रॉकेल घालून रात्रभर मुरू दिलं, कारण घाई करून बोल्ट तुटला की इंजिनाचं डोकं खोलावं लागतं. सकाळी नट चर्रकन सुटले. चर्रकन हे मी म्हणतो, त्याला ते मनगटात कळलं. मागचा बोल्ट काढून त्याने बाजारातली नळी उतरवली आणि आतली तांब्याची चपटलेली कडी खिळ्याने उकरून टाकली. नव्या नळीत चाळलेली कोरडी वाळू ठासून भरली, म्हणजे वाकवताना ती चेपत नाही. दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली, भट्टीत लाल केली आणि तारविदीने जपून ठेवलेल्या जुनीच्या वळणावर वळण घेत वाकवली. पोटाचा पत्रा गोल केला, पितळेने सांधला. राहिली आतली जाळी. तिच्या भोकांवर आवाज ठरतो आणि जुनी जाळी तर गंजून भुगा झाली होती, भोकं मोजणार कशी? त्याने अंदाजाने सहा ओळी पाडल्या, काचेचा कापूस गुंडाळला आणि बंद केलं.

तारविदी आला. नळी चढली. आधी नट हाताने, मग मागचा बोल्ट, मग दोन्ही नट थोडेथोडे आवळत. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही. तारविदीने गाडी चालू केली आणि मूठ पिळली.

रासिकुनने डोळे मिटले, मान तिरपी केली, डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं.

दारात नुसतं दार होतं.

इतकं साधं कळायला त्याला दोन दिवस लागले होते. नळी वाकवताना, पत्रा सांधताना त्याच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती, कारण हे सगळं करताना तिची गरज कधी नसायचीच. त्याने नळीच्या तोंडाशी तळवा धरला. गरम हवेचे धक्के बसत होते, एकामागून एक, अगदी नियमित. नळी कुठे फुटलेली नाही एवढं हाताला कळलं. आवाज हाताला कळत नाही.

“झाली,” तो म्हणाला.

तारविदी चपलांकडे बघत म्हणाला, “छान झाली, कांग.” दोन पुडे टेम्पे ठेवून गेला. आता मी आमच्या लोकांना काय म्हणू? नवी विधुरावस्था, पिकलेले केस, दोन दिवसांची मेहनत; अशा माणसाच्या तोंडावर ‘चुकलं’ म्हणण्यापेक्षा आमचा माणूस जीभ चावेल आणि टेम्पे कुजू देईल. तारविदीने तेच केलं. चार दिवस भरल्या टोपल्या डोंगरावर नेल्या आणि भरल्या परत आणल्या.

बातमी पापण्यांच्या कारखान्यातून फिरून आली. वरच्या वाडीची एक बाई वारतिनीच्या बाकावर बसते. ती सहज म्हणाली, आमचा टेम्पेवाला हल्ली येत नाही का गं? सुट्टी होताच वारतिनी तडक बापाच्या पडवीत आली. तिचा हट्ट खरा ठरला होता, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. बापापुढे उकिडवी बसली, त्याला ओठ दिसतील अशी, आणि नळी चुकल्याचं सांगितलं.

रासिकुनने हातातला चिमटा खाली ठेवला. मग बारा वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मुलीला सांगून टाकलं. मला ऐकू येत नाही. आवाज तुझी आई ऐकायची. ती सूप खाली ठेवायची तेव्हा मी झाली म्हणायचो. माझ्या कानाचं नाव झालं, तो कान तिचा होता. ती गेली, आता मी नुसता लोहार. चल, कुठे यायचं ते सांग.

वारतिनीने ओढणीने तोंड पुसलं. तिला बोलायचं नव्हतं, दिसत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “आईला आठ वर्षं काही ऐकू येत नव्हतं.”

त्याला वाटलं, ओठ वाचताना चुकलो. त्याने परत सांगायला लावलं. तिने परत सांगितलं. दवाखान्यात आईला तीच घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, पडवीला लागून चूल, तीस वर्षांचा ठणठणाट, यावर औषध नाही. घरी येताना आई बाजारात शिरली आणि होला घेतला. कर्कश आवाज झाला की होला पंख आपटतो, गजांना बिलगतो. आवाज गोल झाला की पिसं फुगवून स्वस्थ बसतो. आई दारात उभी राहून तुमच्या डोक्यावरून त्याच्याकडे बघायची, आणि तुम्ही तिच्याकडे. म्हणून पिंजरा हलवू द्यायची नाही.

“मला शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना वाटू दे, घरात एक तरी कान आहे.”

मग तिने स्वतःचंही सांगितलं. चाळिसाव्याला पिंजरा जाताना मी बघितला आणि गप्प बसले. वाटलं, होला गेला की काम जाईल, काम गेलं की तुम्ही माझ्याकडे याल. सौदा केला तेव्हा मला माहीत होतं, नळी चुकणार. हे सांगून ती रडायला लागली.

रासिकुन तिच्यावर रागावला नाही. तो तिथे नव्हताच. तो त्या सकाळी कारसिनीच्या अंथरुणापाशी होता. आठ वर्षं संध्याकाळी दोघं पडवीत चहा पीत बसायची. ती काही सांगायची, तो मान हलवायचा. तो सांगायचा, ती मान हलवायची. आणि गल्ली म्हणायची, काय गोडीने बोलतात दोघं. समोरासमोर असली की तिने त्याचे ओठ तरी वाचले असतील. पण त्या सकाळी तो वाकला होता. तोंड तिच्या कानाला लावलं होतं. समोरून म्हटलं असतं तर ती वाचू शकली असती. आयुष्यात एकदाच नीट सांगायचं ठरवलं आणि जिथून तिला काही पोचणार नाही नेमकं तिथे सांगितलं. तिने मान हलवली होती ती, तो रोज तिच्यासमोर हलवायचा तशी.

त्याने वारतिनीला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो मोदिनांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मृताच्या नावाने दिलेलं परत मागणं म्हणजे आमच्याकडे तोंड दाखवायची सोय नाही. तो नुसता उभा. मोदिनच बाहेर आले, त्याच्याकडे पाहिलं, आत जाऊन पिंजरा घेऊन आले.

“घेऊन जा बाबा हा,” ते म्हणाले. “मशिदीचा भोंगा लागला की डोकं आपटून घेतो. माझ्या बांगेला नावं ठेवणारा पक्षी मला कशाला?”

पिंजरा त्याच आकडीवर टांगला गेला. फक्त रासिकुनने बसायची बाजू बदलली. आता होला समोर आणि दार पाठीला. तारविदीला निरोप गेला. तो मान खाली घालून आला, चूक त्याचीच असल्यासारखा. गाडी चालू झाली आणि होला गजांवर धडका घ्यायला लागला. रासिकुनने नळीचं पोट उघडून जाळीला सातवी ओळ पाडली. होला दांडीवरून सरकला, मान ताणून राहिला. आठवी ओळ. तारविदीने मूठ पिळली. होल्याने पिसं फुगवली, एक पाय वर घेतला आणि बसून राहिला.

“झाली,” रासिकुन म्हणाला. या खेपेला तारविदी चपलांकडे बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याच्या टोपल्या रिकाम्या झाल्या आणि वारतिनीने भट्टीचा विषय पुन्हा काढला नाही. रविवारी येते, भात करून ठेवते, जाते.

पण नळी जमली त्या दिवशी तारविदीची गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा मी शेजारच्या पडवीत होतो. मी पाहिलं ते एवढं. रासिकुनने हात धुतले, चिमटा जागेवर ठेवला. मग तो दारापुढे, उंबऱ्यापासून दोन हातांवर, उकिडवा बसला. उजेड तोंडावर पडेल असा. ती सूप घेऊन उभी राहायची तिथे त्याने वर बघितलं आणि बोलायला लागला. आवाज काढला नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवत. ओठ वाचण्यातच माझा जन्म गेला, म्हणून मला कळलं.

सुतिनीला ताप चढला तेव्हा तू हाका मारत होतीस. मी ठोकत होतो. मला माफ कर.

तो थांबला. मान हलवायला तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ. मग उठून त्याने होल्याच्या वाटीत पाणी घातलं.